झीज आणि जतन : मूर्तिसंवर्धनातील धर्मविवेक

प्राचीन देवालयाच्या दगडी पायऱ्या मध्यभागी खोलगट झालेल्या दिसतात. गाभाऱ्याच्या चौकटीवर ज्या उंचीला भाविकांचा हात टेकतो, तेवढाच दगड गुळगुळीत व काळाभोर होतो. देवाच्या चरणांची बोटे शतकानुशतकांच्या मस्तकस्पर्शाने पुसट होतात. ही झीज कोणा वैऱ्याने केलेली नाही. ती भक्तांनी केलेली आहे, आणि तीही अत्यंत प्रेमाने. म्हणूनच तिच्याविषयी विचार करणे अवघड जाते. मूर्तिभंजकाचा निषेध सहज करता येतो. परंतु ज्या हातांनी देवाला दूध वाहिले, त्याच हातांनी देवाचे नाकडोळे झिजविले असतील, तर दोष कोणाला द्यावयाचा? आणि त्या हातांना थांबवावयाचे, ते कोणत्या अधिकाराने?

हा प्रश्न आज केवळ तात्त्विक चर्चेचा राहिलेला नाही. देशातील अनेक देवस्थानांना, पुरातत्त्व खात्याला आणि सर्वोच्च न्यायालयालाही त्याचे उत्तर शोधावे लागले आहे. दर्शनास येणारा प्रत्येक यात्रेकरू आणि देवकार्यासाठी धन देणारा प्रत्येक दाता या प्रश्नाशी जोडलेला आहे. म्हणून सुज्ञ भाविकांसमोर त्याचा थोडा सविस्तर विचार मांडीत आहोत.

मूर्ती पार्थिव, देव अविनाशी

प्रथम एका शंकेचे निरसन केले पाहिजे. देव अविनाशी आहे, मग दगड झिजला तर बिघडले काय, असे काही भाविक विचारतात. ही शंका अश्रद्ध माणसाची नव्हे. उलट ती गाढ श्रद्धेतून येते. आपल्याकडे दीड दिवसाच्या पार्थिव गणपतीची प्राणप्रतिष्ठा होते आणि लगेच विसर्जनही होते. ज्या मातीला आपण देव मानले, ती जलाशयात विरघळताना आपल्याला गहिवरून येते, पण देव नष्ट झाला असे कोणी म्हणत नाही. घरोघरीच्या देवघरात चांदीचे टाक असतात. पिढ्यान् पिढ्या घासून त्यांवरील मुखवटा ओळखू येईनासा झाला, की ते सोनाराकडून नवे घडवून घेतले जातात. कुलदैवत मात्र तेच राहते.

पुरीच्या श्रीजगन्नाथाचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथील विग्रह लाकडाचे असून ठरावीक अधिक आषाढ मासात नवकलेवर विधी होतो. जुन्या विग्रहांना समाधी दिली जाते आणि नव्या विग्रहांत ब्रह्मपदार्थाची स्थापना होते. यापूर्वी १९९६ साली आणि त्यानंतर २०१५ साली हा विधी झाला. या परंपरेत वस्तू जपण्यापेक्षा तिचे विधिपूर्वक नूतनीकरण महत्त्वाचे मानले आहे. जपानमधील इसे येथील शिंतो देवस्थानही दर वीस वर्षांनी नव्याने उभारले जाते. अलीकडे २०१३ साली ते बांधले गेले. तेथे जुने लाकूड टिकत नाही. टिकते ती सुतारांची विद्या आणि उपासनेचा क्रम.

मग पाषाणमूर्तीच्याच झिजेची चिंता का करावी? कारण प्रत्येक उपासनेचे आपले एक व्रत असते. मातीचा गणपती विसर्जनासाठीच घडविला जातो. अचल पाषाणमूर्ती मात्र ज्याने स्थापिली, त्याने ती पुढील सर्व पिढ्यांसाठी स्थापिली. तिच्या प्रतिष्ठेच्या संकल्पातच चिरकालाची भावना असते. पार्थिव मूर्ती विसर्जित करणारा आपला संकल्प पूर्ण करतो. अचल मूर्ती निष्काळजीपणे झिजविणारा मात्र दुसऱ्याचा संकल्प मोडतो, आणि त्याला त्याची जाणीवही नसते.

शास्त्रकारांनी केलेला विचार

मूर्ती जीर्ण होते, ही गोष्ट आपल्या शास्त्रकारांना नवीन नव्हती. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. अतिजीर्ण वा भग्न मूर्तीचे काय करावे, काष्ठाची मूर्ती अग्नीला आणि पाषाणाची मूर्ती जळाला कशी अर्पण करावी, नवी मूर्ती त्याच द्रव्याची व त्याच मापाची कशी असावी, याचा विधी तेथे सांगितला आहे. देवत्व आणि द्रव्य यांचे नाते तोडण्यासाठीही मर्यादा व मंत्र लागतात, असा त्यामागील भाव दिसतो.

सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत वज्रलेपाला एक अध्याय दिला आहे. कच्ची टेंभुर्णी, कच्चे कवठ, सावरीची फुले, सालईचे बी इत्यादींचा काढा अष्टमांश उरेपर्यंत आटवावा. त्यात गुग्गुळ, राळ, बिब्बा, जवस, बेल अशी द्रव्ये मिसळावीत. आणि हा लेप गरम असतानाच प्रासाद, लिंग, प्रतिमा, भिंती व विहिरी यांना लावावा, असे त्याने सांगितले आहे. शिसे, कासे आणि पितळ यांच्या मिश्रणाचा वज्रसंघात नावाचा आणखी एक प्रकारही त्याने दिला आहे. या लेपांच्या टिकाऊपणाविषयीची ग्रंथातील फलश्रुती बाजूला ठेविली, तरी एक गोष्ट स्पष्ट होते. मूर्तीचे भौतिक रक्षण हा श्रद्धेला कमीपणा आणणारा विचार आहे, असे त्या काळी कोणी मानले नव्हते. ज्योतिष व मुहूर्त सांगणाऱ्या ग्रंथातच दगडाला लावावयाच्या लेपाची कृती यावी, यात त्यांना काही विसंगत वाटले नाही.

याहून सूक्ष्म विचार वैखानस आगमात आढळतो. तेथे एकाच देवतेच्या पाच मूर्तींची व्यवस्था आहे. मुख्य अचल मूर्ती ती ध्रुवबेर. नित्यपूजेसाठी कौतुकबेर, स्नानासाठी स्नपनबेर, मिरवणुकीसाठी उत्सवबेर आणि बलिविधीसाठी बलिबेर. तिरुमलेच्या श्रीवेंकटेश्वर मंदिरात सामवई या पल्लव घराण्यातील राणीने अर्पण केलेली भोगश्रीनिवासाची रौप्यमूर्ती आहे. नित्य अभिषेक तिलाच होतो, तर मूळ विग्रहाचा अभिषेक शुक्रवारी होतो. मूळ मूर्तीवर वाटेल तेवढे द्रव्य वाटेल तेव्हा ओतावे, अशी कल्पना या व्यवस्थेत नाही. संयम हा येथे बाहेरून आलेला नियम नसून पूजाविधीचाच भाग आहे.

झीज होते कशी?

आता द्रव्याकडे वळू. दूध आंबले की त्यात लॅक्टिक आम्ल तयार होते. दही तर मुळातच आंबट. मधही किंचित आम्लधर्मी असतो. तूप व तेल दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतात, धूळ धरून ठेवतात आणि कालांतराने चिकट काळा थर तयार करतात. साखर व फळांचे अंश राहिले, तर त्यांवर बुरशी व जंतू वाढतात, आणि तेही आम्ल निर्माण करतात. संगमरवर किंवा चुनखडीसारख्या दगडावर आम्लाचा परिणाम लवकर होतो. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण त्या मानाने चिवट. परंतु त्यातही सूक्ष्म पोकळ्या व भेगा असतात, आणि सतत ओला राहणारा कोणताही दगड हळूहळू आपले बळ गमावतो.

पाण्यातील क्षारांचे काम आणखी गुप्तपणे चालते. पाणी दगडात मुरते, वाळते आणि मागे क्षारांचे स्फटिक ठेवते. हे स्फटिक वाढताना आतून दाब देतात व दगडाचा पृष्ठभाग पापुद्र्याप्रमाणे सुटू लागतो. गाभारा लहान, वायुवीजन कमी, दिवे व कापूर अखंड तेवत असलेले, आणि शेकडो लोकांच्या श्वासाची वाफ. या सर्वांमुळे तेथील दमटपणा वाढतो. पंचामृतानंतर मूर्ती जोराने चोळून स्वच्छ करण्याची रीत असेल, तर मऊ झालेल्या पृष्ठभागाचे कण त्या चोळण्याबरोबर निघून जातात. एका दिवसाची झीज डोळ्यांना दिसत नाही. शंभर वर्षांची दिसते, पण तोपर्यंत ती भरून काढण्याचा मार्ग उरलेला नसतो.

धातुमूर्तींचा आजार निराळा आहे. तांब्याच्या मिश्रधातूत क्लोराइड क्षार शिरले आणि हवेत दमटपणा असला, की फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके उमटतात. ते पुसले तरी पुन्हा येतात, कारण मूळ विकार आतमध्ये असतो. त्यावर चिंच, लिंबू किंवा रांगोळी लावून घासले, तर मूर्ती घटकाभर लखलखते. परंतु त्या लखलखाटाबरोबर अलंकारांच्या रेषा आणि पीठावरील अक्षरेही जातात.

महाकालेश्वराच्या लिंगाविषयीचा निर्णय

उज्जैनच्या श्रीमहाकालेश्वराच्या ज्योतिर्लिंगाची झीज होत असल्याची तक्रार न्यायालयापर्यंत गेली. सर्वोच्च न्यायालयाने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण व भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांतील तज्ज्ञांकडून पाहणी करविली. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्या शिफारशींवर आधारलेले उपाय न्यायालयासमोर आले. प्रत्येक भाविकाला जलाभिषेकासाठी अर्धा लिटर शुद्ध केलेले पाणी, दूध वा पंचामृत सव्वा लिटरपर्यंत, आणि भस्मारतीच्या वेळी लिंगावर कोरड्या सुती वस्त्राचे पूर्ण आच्छादन, असे ते उपाय होते. सप्टेंबर २०२० मध्ये न्यायालयाने आणखी स्पष्ट आदेश दिले. भाविकांनी लिंगाला द्रव्ये चोळू नयेत, ही त्यांतील महत्त्वाची सूचना होती.

अर्धा लिटर म्हणजे फार थोडे, असे एखाद्याला वाटेल. परंतु दिवसाला एक हजार भाविकांनी अभिषेक केला, तरी ते पाचशे लिटर होते. वर्षाचा हिशेब पावणेदोन लाख लिटरांच्याही पुढे जातो. पूर्वी बैलगाडीने वा पायी येणाऱ्या मोजक्या यात्रेकरूंच्या काळात जी पूजापद्धती मूर्तीला सहज सोसत असे, तीच आज रेल्वे, मोटारी व विमाने यांनी येणाऱ्या जनसागराच्या काळात सोसेल, असे गृहीत धरता येत नाही. भक्तीचा प्रकार तोच राहिला. तिचे प्रमाण मात्र बदलले. नीतीचा प्रश्न बहुधा अशा ठिकाणीच उभा राहतो. एकट्याने केलेले जे कृत्य निर्दोष असते, तेच लाखोंनी केले की घातक ठरू शकते, आणि त्यांपैकी कोणाही एकाला आपला दोष दिसत नाही.

महाराष्ट्रातील अनुभव

पंढरपूरला विठुरायाच्या चरणांवर मस्तक ठेवून दर्शन घेण्याची परंपरा आहे. देव आणि भक्त यांच्यामध्ये काही अंतर न ठेवणारी अशी ही जवळीक वारकऱ्याला प्राणाहून प्रिय आहे. त्या स्पर्शाने होणारी चरणांची झीज लक्षात घेऊन मूर्तीवर वेळोवेळी रासायनिक लेपन करण्यात आले. २०२० साली टाळेबंदीमुळे मंदिर बंद असताना पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी ते पुन्हा केले. २०२४ साली मार्चपासून जूनच्या आरंभापर्यंत पदस्पर्शदर्शन थांबवून गाभाऱ्याच्या जतनाचे काम झाले. त्या वेळी भिंतींवरील चांदीचे आवरण काढण्यात आले आणि मूळ दगडी काम भाविकांच्या दृष्टीस पडले.

कोल्हापूरच्या श्रीअंबाबाईच्या मूर्तीवर १९५५ साली वज्रलेप झाला होता. पुढे मूर्तीची स्थिती पाहून २०१५ साली पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी संवर्धन केले. २०२४ साली पुन्हा संवर्धनाची गरज भासली. मूळ मूर्तीवर आता नित्य अभिषेक केला जात नाही. या साऱ्या काळात मूर्तीच्या मूळ रूपाविषयी, वापरलेल्या द्रव्यांविषयी आणि अभिषेकाविषयी भाविकांत व अभ्यासकांत तीव्र वाद झाले. ते वाद अप्रिय वाटले, तरी त्यांतून समाजाची आस्थाच दिसली. ज्या मूर्तीविषयी कोणालाच काही विचारावेसे वाटत नाही, तिचे भवितव्य खरोखर चिंताजनक असते.

वणीच्या श्रीसप्तशृंगीचे उदाहरण उलट दिशेचे आहे. तेथे वर्षानुवर्षांच्या शेंदूरलेपनाने मूर्तीवर जाड कवच तयार झाले होते. २०२२ साली संवर्धनाच्या वेळी हजार किलोंहून अधिक शेंदूर उतरविण्यात आला आणि त्या वर्षीच्या नवरात्रात भाविकांना देवीच्या मूळ स्वरूपाचे दर्शन घडले. शेंदूर हीही भक्तीचीच खूण. त्या थरांखाली रूप झाकले गेले होते, पण कोरीव काम सुरक्षितही राहिले होते. झीज आणि आच्छादन यांतील कोणते अधिक वाईट, याचे एकच सर्वसाधारण उत्तर नाही. प्रत्येक मूर्तीची प्रकृती पाहूनच निर्णय करावा लागतो.

उपायातही अपाय संभवतो

येथे संवर्धकांच्या बाजूचाही विवेक पाहिला पाहिजे. रक्षण करण्याच्या हेतूनेच मोठी हानी झाल्याची उदाहरणे आहेत. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रे त्या काळी निजामाच्या राज्यात होती. १९२० ते १९२२ या काळात लॉरेन्झो चेक्कोनी व त्यांचे सहकारी ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण करण्यात आले. त्यांनी सुटलेला गिलावा चिकटवून अनेक चित्रांना पडण्यापासून वाचविले. परंतु चित्रांवर लाखेचा रोगणही चढविला. तो रोगण काळाने पिवळसर व काळपट झाला, त्यावर धूळ व काजळी बसली, आणि मूळ रंग त्याखाली मंदावले. तो उतरविण्याचे नाजूक काम पुढे पुरातत्त्व खात्याला अनेक दशके करावे लागले. मेक्सिकोतील प्राचीन भित्तिचित्रांवर विसाव्या शतकात लावलेल्या कृत्रिम राळेच्या लेपांचाही असाच अनुभव आला. रक्षणार्थ दिलेला थरच चित्राचा पृष्ठभाग सुटण्यास कारण झाला.

या अनुभवांतून आधुनिक संवर्धनशास्त्राने काही तत्त्वे स्वीकारली. १९६४ सालच्या व्हेनिस सनदेने सांगितले, की जेथे अनुमान सुरू होते तेथे पुनर्रचना थांबली पाहिजे. आवश्यक तेवढाच हस्तक्षेप करावा. वापरलेले द्रव्य पुढे काढता येईल, निदान पुढील उपचारास अडथळा होणार नाही, असे पाहावे. जे केले त्याची नोंद ठेवावी. ही तत्त्वे ऐकताना ती प्रयोगशाळेतील वाटतात. खरे तर त्यांचा गाभा नैतिक आहे. माझे ज्ञान अपुरे असू शकते आणि माझ्यानंतर येणाऱ्याला माझी चूक सुधारण्याची वाट मोकळी राहिली पाहिजे, ही ती नम्रता होय.

झिजलेल्या मूर्तीचे नाकडोळे पुन्हा कोरून काढू नयेत, असे तज्ज्ञ सांगतात, तेही याच कारणाने. नवे कोरीव काम कितीही सुबक असले, तरी ते आपल्या कल्पनेतले असते. शिवाय विठ्ठलाच्या चरणांवरील झीज हा काही कलंक नव्हे. असंख्य वारकऱ्यांच्या मस्तकांची ती खूण आहे. ती पुसणे योग्य नव्हे, आणि ती अमर्याद वाढू देणेही योग्य नव्हे.

नव्या संशोधनाची दिशा

गेल्या काही दशकांत या विषयाच्या संशोधनाला नवे वळण लागले आहे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत महापूर आला व असंख्य कलाकृती चिखलात बुडाल्या. त्या संकटातून तेथील विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ या क्षेत्रात आले. त्यांच्या परंपरेत पुढे चुन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा उपयोग विकसित झाला. हे कण ठिसूळ झालेल्या गिलाव्यात झिरपतात, हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडशी संयोग पावतात आणि मूळ गिलाव्याच्याच जातीचा पदार्थ बनून त्याला आतून बळ देतात. परक्या द्रव्याचा थर चढविण्याऐवजी वस्तूच्या स्वभावाशी जुळणारे द्रव्य देण्याची ही दृष्टी आहे. त्याच नगरीतील मेडिची घराण्याच्या समाधिस्थानी मायकेलअँजेलोच्या संगमरवरी शिल्पांवरील मळ अलीकडे निवडक निरुपद्रवी जिवाणूंच्या साहाय्याने काढण्यात आला. जंतू मळ खातात आणि दगडाला धक्का लागत नाही.

क्ष-किरणांवर चालणाऱ्या छोट्या उपकरणांनी आता मूर्तीचा कणही न काढता धातूतील घटक ओळखता येतात. अनेक कोनांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून मूर्तीची त्रिमिती प्रतिकृती संगणकात साठविता येते. दर पाच वर्षांनी अशी नोंद घेतली, तर झीज किती झाली हे अंदाजाने सांगावे लागत नाही, मोजता येते.

जुने ज्ञानही या संशोधनातून नव्याने उजेडात येत आहे. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले असल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसून आले. या तंतूंमुळे गिलावा चिवट राहिला आणि किडींपासून त्याचे रक्षण झाले, असे संशोधकांचे मत आहे. त्या अनामिक कारागिरांनी आपल्या पश्चात दीड हजार वर्षे टिकेल असे काम केले. त्यांना आपली नावे मागे ठेवण्याची गरज वाटली नाही.

आजचा भक्त आणि उद्याचा भक्त

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. संग्रहालयातील मूर्ती काचेत ठेवता येते, दमटपणा यंत्राने राखता येतो, स्पर्श पूर्ण बंद करता येतो. देवालयातील मूर्तीचे तसे नाही. जिची पूजा थांबली, ती मूर्ती दगड म्हणून सुरक्षित राहील, पण ज्यासाठी तिची प्रतिष्ठा झाली ते प्रयोजनच संपेल. १९९४ साली जपानमधील नारा येथे जगभरच्या तज्ज्ञांनी मान्य केले, की वारशाची अस्सलता केवळ द्रव्यात पाहू नये. त्याचा उपयोग, परंपरा आणि भावही त्या-त्या संस्कृतीच्या संदर्भात पाहावेत. म्हणून जो संवर्धक भाविकाला केवळ झिजेचे कारण समजतो, त्याला मूर्ती कळलेली नाही.

परंतु भाविकालाही एक प्रश्न स्वतःस विचारावा लागेल. शेकडो मैल चालून आलेल्या वारकऱ्याला चरणस्पर्शाची ओढ असते, ती सर्वथा योग्य आहे. मात्र आणखी शंभर वर्षांनी तेवढेच चालून येणारा एक वारकरी असेल. त्याचीही ओढ तेवढीच असेल. तो आज रांगेत उभा नाही, म्हणून त्याच्या बाजूने कोणी बोलत नाही. या दोघांमध्ये निवाडा करावयाचा तर आजच्याला पूर्ण नाकारता येत नाही आणि उद्याच्याला विसरताही येत नाही. दोघांनाही देव लाभावा, यासाठी आजच्याने थोडे कमी घ्यावे, एवढाच मार्ग उरतो.

भारतीय कायद्यानेही या गोष्टीची दखल एका परीने घेतली आहे. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने एका खटल्यात निर्णय दिला, की कुलदेवतेची मूर्ती ही घरातील जंगम वस्तूंसारखी मालमत्ता नसून ती स्वतः एक कायदेशीर व्यक्ती आहे, आणि तिच्या इच्छेचा विचार तिच्या हितचिंतकामार्फत झाला पाहिजे. मूर्ती स्वतः बोलत नाही. तिच्या वतीने कोणीतरी निःस्वार्थपणे बोलले पाहिजे. विश्वस्त, पुजारी, संवर्धक आणि भाविक हे सर्व आपापल्या जागी तिचे पालक आहेत. त्यांपैकी मालक कोणीच नाही.

या दृष्टीने पाहता ठरावीक प्रमाणात अभिषेक, उत्सवमूर्तीवर वा पादुकांवर पूजा, काही काळ बंद ठेवलेला गाभारा, यांमुळे भक्तीत उणेपणा येत नाही. एकादशीला अन्न वर्ज्य करणारा भक्त देवापासून दूर जात नाही. तो त्या त्यागातूनच जवळ जातो. चरणांपर्यंत पोहोचलेला हात क्षणभर आवरून केवळ डोळ्यांनी दर्शन घेणे हेही त्याच जातीचे व्रत आहे, आणि त्याचे फळ आपल्यापेक्षा दुसऱ्याला मिळणार असल्याने ते अधिक निष्काम आहे.

दानाचा विचार

दात्यांसाठीही येथे विचार करण्याजोगे काही आहे. चांदीचे द्वार, सोन्याचा कळस, संगमरवरी फरशी ही दाने दिसतात. त्यांवर दात्याचे नाव कोरता येते. त्या दानांमागील भाव आदरणीयच आहे. परंतु जुन्या दगडी भिंतीवर चढविलेल्या आवरणामागे ओल साचू शकते. चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला, तर आतील पाणी कोंडते व क्षार दगडात उतरतात. जुना रंग काढण्यासाठी वाळूचा जोरदार मारा केला, तर रंगाबरोबर दगडाची वरची कातही निघून जाते, आणि त्यानंतर दगड अधिक वेगाने खराब होतो. सद्हेतूने दिलेले धन येथे मूर्तीच्या आयुष्यातून वजा होऊ शकते.

याउलट शिखराची गळती थांबविणे, गाभाऱ्यातील पाण्याचा निचरा सुधारणे, योग्य चुना तयार करणाऱ्या कारागिरास काम देणे, मूर्ती व अलंकारांची छायाचित्रांसह नोंद करविणे, ही दाने कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. त्यांचे मोल किती असते, हे तमिळनाडूतील श्रीपुरंदान येथील नटराजाच्या कांस्यमूर्तीवरून कळते. ती चोरीस जाऊन परदेशी गेली व २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने ती विकत घेतली. पुदुच्चेरी येथील फ्रेंच संस्थेने पूर्वीच काढून ठेवलेली मंदिराच्या मूर्तींची छायाचित्रे ओळख पटविण्याच्या कामी आली, आणि २०१४ साली ती मूर्ती भारतात परत आली. कोणा छायाचित्रकाराने शांतपणे केलेली एक नोंद हरवलेल्या देवाला घरी आणण्यास कारण झाली. अशा कामासाठी दिलेला रुपया चांदीच्या पत्र्याहून कमी पुण्याचा नाही.

सुज्ञ भाविकांनी म्हणून एवढे मनी धरावे. दर्शनास गेलेल्या देवस्थानाने अभिषेकाच्या द्रव्यांविषयी जे नियम केले असतील, ते आनंदाने पाळावेत. मूर्तीला वा भिंतीला नाणी चिकटवू नयेत, दगडावर नावे लिहू नयेत, कुंकू, तेल व हळद ठरविलेल्या जागीच वाहावी. संवर्धनासाठी गाभारा बंद असेल, तर तो काळ देवाच्या सेवेचाच समजावा. दान देताना विश्वस्तांना विचारावे, की मंदिराला खरी गरज कशाची आहे; आणि मूर्तीवर कोणताही उपचार होणार असेल, तर तो कोणत्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने व कोणत्या द्रव्यांनी होणार, हेही निःसंकोच विचारावे. असा प्रश्न विचारणे हा अविश्वास नव्हे. पालकत्वाचाच तो भाग आहे.

ज्या पायऱ्या पूर्वजांच्या पावलांनी खोलगट झाल्या, त्यांवरून आपण देवापर्यंत पोहोचतो. त्यांनी त्या आपल्यासाठी शिल्लक ठेविल्या. आपल्या नातवंडांना त्याच पायऱ्या चढून, त्याच मुखाचे, त्याच प्रसन्न डोळ्यांचे दर्शन घडावे, आणि त्यासाठी लागणारा संयम आपणा सर्वांच्या ठायी यावा, हीच श्रीचरणी प्रार्थना.